अ‍ॅडव्हेंटचा तयार मेणबत्ती-संच: पहिली जांभळी नाताळपर्यंत पुरते का?

नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ म्हणजे अ‍ॅडव्हेंट, मराठीत आगमनकाळ. त्यासाठी नोव्हेंबर लागला की धार्मिक वस्तूंच्या दुकानांत आणि ऑनलाइनही एक ठरावीक पेटी दिसू लागते. पितळी गोल कडं, त्यावर चार वाट्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती. थोडे जास्त पैसे मोजले तर मधोमध ठेवायची पांढरीही मिळते. घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी हा संच जरूर घ्यावा, मात्र सोबत एक जांभळी मेणबत्ती जास्तीची घ्यावी. चर्चमध्ये वेदीजवळ ठेवायला तो कामाचा नाही.

याचं कारण साध्या हिशेबात आहे. पेटीत चारही मेणबत्त्या एकाच मापाच्या असतात, पण जळतात चौघी वेगवेगळ्या. दर रविवारी एक नवी लागते आणि आधीच्याही तिच्यासोबत लागत राहतात. 2026 मध्ये आगमनकाळाचा पहिला रविवार 29 नोव्हेंबरला आहे. रोज संध्याकाळी प्रार्थनेला मेणबत्त्या लावायच्या म्हटलं, तर 24 डिसेंबरपर्यंत पहिली 26 वेळा लागते, दुसरी 19, तिसरी 12 आणि चौथी फक्त 5 वेळा. रोजची वीस मिनिटं धरली तर पहिलीला 8 तास 40 मिनिटं जळावं लागतं आणि चौथीला जेमतेम 1 तास 40 मिनिटं.

पेटीतली मेणबत्ती साधारण 25 सेंटिमीटर उंच आणि बुडाशी 22 मिलिमीटर जाड असते. वारा नसेल तर अशी पॅराफिनची मेणबत्ती तासाला साधारण अडीच सेंटिमीटर उतरते. तळचे पाच सेंटिमीटर जाळायचेच नाहीत, कारण निम्मे वाटीत रुतलेले असतात आणि उरलेले हिरव्या पाल्याच्या अगदी जवळ. म्हणजे हाताशी राहिले वीस सेंटिमीटर, आठ तास. नाताळला दोन दिवस उरले असताना पहिली संपते. प्रार्थना पंधरा मिनिटांत आटोपणाऱ्या घरी 6 तास 30 मिनिटंच लागतात, तिथे हीच मेणबत्ती निभावते. तिन्ही जांभळ्या दिसायला सारख्याच, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पहिलीच्या वाटीत नवी बसवली तरी काही बिघडत नाही. पेटीवर जळण्याचे तास छापलेले असतील तर ते बंद खोलीतले समजावेत.

आता मेणबत्ती हातात घेऊन पाहू. उलटी करून तिचं बूड बघा. आत पांढरं आणि बाहेर जांभळा थर असेल तर ती वरून रंगवलेली आहे, आणि ते चांगलंच आहे. न विरघळणारी रंगपूड सगळ्या मेणात मिसळली की ती वातीत अडकते, वात मेण ओढू शकत नाही आणि ज्योत बारीक होत होत विझते. वात बरोबर मध्यभागी आहे का तेही तपासा. ती एका अंगाला सरकलेली असली तर त्या बाजूची भिंत आधी वितळते आणि सगळं मेण तिथूनच ओघळतं. नव्या वातीची लांबी पाच-सहा मिलिमीटर ठेवून बाकी कापावी. त्याहून लांब वात धूर सोडते, काजळी धरते.

संचाची सगळ्यात कमकुवत जागा गुलाबी रंग. तिसरा रविवार आनंदाचा, गाउदेते रविवार. त्या दिवशी फादरांचा झगाही गुलाबी असू शकतो, आणि तो गुलाबी म्हणजे उमलत्या गुलाबाचा. पेटीत बऱ्याचदा झगझगीत राणी रंग येतो, तो जांभळ्याशेजारी डोळ्यांत खुपतो. निवड करता येत असेल तर फिकी मेणबत्ती घ्यावी. गुलाबी आणि जांभळा दोन्ही रंग उन्हात लवकर विटतात, म्हणून दुकानाच्या काचेत मांडून ठेवलेली पेटी मागू नये. चार लाल मेणबत्त्यांचे संचही मिळतात, त्यांना चुकीचं म्हणण्याचं कारण नाही. जर्मनीत लालच जास्त चालतात. मेणबत्त्यांच्या या कड्याची सुरुवातही तिथलीच. 1839 मध्ये हॅम्बुर्गला योहान हिनरिश विचर्न यांनी आपल्या आश्रमातल्या मुलांसाठी गाडीच्या चाकावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकीच्या दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या लावल्या, म्हणजे नाताळ किती दिवसांवर आला ते मुलांना मोजता यावं. आपल्याकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत चार मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद, प्रीती अशी नावं देतात. क्रम थोडा इकडेतिकडे होतो. गुलाबी असेल तर ती आनंदाची.

कडं घेताना पट्टी सोबत न्या. वाटी 22 मिलिमीटरची आणि बाजारातली साधी मेणबत्ती त्याहून बारीक, अशी गाठ हमखास पडते. मग मेणबत्ती डुलते, कलते, आणि कललेली मेणबत्ती अखंड ओघळत राहते. कागद गुंडाळून ती घट्ट बसवायची सवय मोडावी, कारण शेवटी ज्योत खाली आली की तो कागद पेटतो. बुडाला अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचे दोन-तीन वेढे द्यावेत. उलट मेणबत्ती जाड असेल तर बूड मिनिटभर गरम पाण्यात धरून दाबत दाबत बसवावं. वाटीची खोली दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते कडं शोभेचं समजावं.

कड्याचा व्यास निदान 30 सेंटिमीटर हवा, आणि हा मुद्दा हौसेचा नाही. 30 च्या कड्यावर शेजारच्या दोन मेणबत्त्यांत 21 सेंटिमीटर अंतर राहतं. 15 च्या कड्यावर ते साडेदहावर येतं आणि मधली पांढरी तर सगळ्यांपासून साडेसातवरच असते. तिसऱ्या आठवड्यात काय होतं ते जवळून बघा. पहिली अर्ध्यावर उतरलेली, चौथी अजून पूर्ण उंच. पहिलीची ज्योत आता चौथीच्या पोटाजवळ आली आहे. पंख्याच्या वाऱ्याने ती त्या बाजूला झुकली की चौथीच्या अंगावर आधी ओलसर चकाकी येते, मग तिथे खळगा पडतो, आणि एका संध्याकाळी न पेटवलेली मेणबत्ती कमरेत वाकते. लहान कडं घरात असलंच तर पहिली आणि चौथी समोरासमोर ठेवावी. मेणबत्त्या वर्तुळात ओळीनेच लागल्या पाहिजेत असा काही नियम नाही.

पंखा तर आपल्याकडचा खरा वैरी. मुंबई, वसई, गोव्यात डिसेंबरातही चर्चमधले पंखे फिरतात. वाऱ्यात मेणबत्ती एका अंगाने वितळते आणि वर सांगितलेले तास खूपच कमी होतात. कड्यावरचा पंखा बंद ठेवावा. मेणबत्तीच्या डोक्यावर बसणारी पितळी टोपी मिळाली तर जरूर घ्यावी. ज्योत उतरते तशी तीही खाली सरकते आणि कडेचं मेण सांडू देत नाही. तयार संचात ती दिलेली नसते आणि हीच या संचाची मोठी उणीव आहे.

पेटीतला प्लास्टिकचा पाला सरळ बाजूला काढा, ज्योतीपाशी तो वितळतो आणि पेटतो. सुरूची फांदी दिसायला छान, पण सुकली की कागदासारखी जळते. मोरपंखी जास्त दिवस हिरवी राहते. काहीही लावा, दर शनिवारी बदला आणि पाल्याचा शेंडा वाटीच्या काठाखाली ठेवा. फुलवाल्यांचा भिजवलेला हिरवा स्पंज वापरत असाल तर खाली ताटली हवीच, नाहीतर कडं काळवंडतं आणि वेदीच्या कापडावर डाग उठतो.

लावताना आधीच्या आठवड्यांच्या मेणबत्त्या प्रथम, नवी शेवटी. नवी वात पटकन धरत नाही, सगळी मंडळी बघत असताना मूल काडीमागून काडी ओढत राहतं. म्हणून वातीचं टोक आदल्या दिवशी क्षणभर पेटवून विझवून ठेवावं. काडीऐवजी लांब मेणवात द्यावी, मुलांच्या बाह्या आणि ओढण्या आवरून घ्याव्यात. विझवताना फुंकर मारू नये, पातळ मेण शेजारच्या गुलाबीवर उडतं आणि जांभळा ठिपका जात नाही. दांड्याची टोपी ज्योतीवर धरावी आणि वात लगेच सरळ करावी. कापडावर मेण पडलंच तर बर्फाने कडक करून खरवडावं, मग वर-खाली टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. पितळेवर सुरी नको, गरम पाणी पुरतं. ते पाणी मोरीत ओतू नये, मेण नळीत थिजतं.

चर्चसाठी काय घ्यावं? शनिवार संध्याकाळची एक आणि रविवारच्या चार मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), प्रत्येकी तासाभराच्या धरल्या तर पहिलीला चार आठवड्यांत वीस तास जळायचं असतं. तिथे 5 सेंटिमीटर जाड, 25 सेंटिमीटर उंच खांबासारख्या मेणबत्त्या सुट्या घ्याव्यात, वजन 400 ग्रॅमच्या वर भरतं. याच मेणबत्त्या घरी मात्र नकोत. वरचं मेण काठापर्यंत वितळायला दोनेक तास लागतात. वीस मिनिटांत विझवत राहिलं तर मधोमध भोक पडत जातं आणि ज्योत त्यात बुडून मरते. बॅटरीवरच्या मेणबत्त्या शाळेत किंवा रुग्णालयात ठीक, तिथे आगीची भीती खरी आहे. घरी आणि चर्चमध्ये त्या नकोत. चार मेणबत्त्यांची उतरती उंची हीच तर वाट पाहण्याची खूण, आणि बॅटरीची मेणबत्ती उतरत नाही.

नाताळ झाला की उरलेल्या मेणबत्त्या एकेक कागदात गुंडाळून आडव्या ठेवा, एकत्र बांधल्या तर गुलाबीला जांभळा रंग लागतो. पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका, एप्रिल-मेच्या उकाड्यात त्या वाकतात. वाकलेली मेणबत्ती कोमट पाण्यात मऊ करून पाटावर लाटली की सरळ होते. चौथी जांभळी जवळजवळ आख्खी उरलेली असते. 2027 मध्ये पहिला रविवार 28 नोव्हेंबरला आहे आणि पहिलीला 27 संध्याकाळी जळायचं आहे. त्या जागी नवी मेणबत्ती लावा, आणि ही उरलेली पुन्हा चौथीच्याच वाटीत बसवा.