दौंड जंक्शन: गाडीच्या वेळेआधी स्टेशनचा कोड बघा

हल्ली दौंडला गाडी चुकण्याचं एक नवं कारण झालं आहे. माणूस वेळेवर पोहोचतो, पण चुकीच्या स्टेशनवर. तिकिटावर डीडी असेल तर गाडी दौंड जंक्शनवर येणार, डीडीसीसी असेल तर ती दौंड कॉर्ड लाइनवर थांबून निघून जाणार. दुसरं स्टेशन गावाबाहेर आहे. सामान, म्हातारी माणसं आणि वीस मिनिटं हातात असताना हा फरक जंक्शनच्या फलाटावर कळला, तर रिक्षावाल्याच्या मर्जीवर सोडून देण्यापलीकडे काही उरत नाही.

ही दोन स्टेशनं का झाली ते समजून घेतलं की दौंडचा निम्मा गोंधळ सुटतो. पुण्याहून दिक्सळपर्यंतचा लोहमार्ग 1858 मध्ये सुरू झाला आणि पुढे सोलापूरकडे गेला. दौंड त्याच मार्गावरचं. 1878 मध्ये मनमाडची लाइन इथे येऊन मिळाली, पण ती भीमा ओलांडून पुण्याच्याच बाजूने स्टेशनात शिरते. त्यामुळे मनमाड–सोलापूर आणि पुणे–सोलापूर या गाड्या सरळ पुढे जातात. पुण्याहून मनमाडला किंवा उलट जाणारी गाडी मात्र ज्या तोंडाने आत येते त्याच तोंडाने तिला बाहेर पडावं लागतं. म्हणजे इंजिन सोडायचं, मोकळ्या रुळावरून दुसऱ्या टोकाला न्यायचं, जोडायचं, ब्रेकचे पाइप लावायचे, हवेचा दाब शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचतो का ते तपासायचं. गार्डनेही आपलं सामान उचलून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जायचं. सगळं सुरळीत झालं तरी यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. तेवढा वेळ फलाट अडतो आणि मागची गाडी आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलपाशी, उभी राहते. महाराष्ट्र, झेलम, गोवा या गाड्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. जुन्या प्रवाशांना दौंड आठवतं ते याच थांब्यासाठी: उतरा, चहा घ्या, वडापाव घ्या, इंजिन फिरून येतंच आहे.

कॉर्ड लाइन म्हणजे या त्रिकोणाची तिसरी बाजू. पुण्याकडची लाइन जंक्शनच्या आधीच मनमाडच्या लाइनला जोडली, त्यावर एक स्टेशन केलं आणि इंजिन फिरवण्याची कटकट संपली. रेल्वेच्या हिशेबाने हे काम फार आधी व्हायला हवं होतं. गाड्यांचा वेळ वाचला, जंक्शनचे फलाट मोकळे झाले. भुर्दंड पडला तो दौंडच्या प्रवाशाला. ज्या गाड्या गावाच्या मध्यात थांबायच्या त्यांतल्या बऱ्याच आता बाहेरून जातात, आणि कॉर्ड लाइनवर जंक्शनसारखी वर्दळ, खाणंपिणं, रात्रीची सोबत यांची अपेक्षा ठेवू नये. मध्यरात्रीची किंवा पहाटेची गाडी असेल तर रिक्षा येण्याजाण्याची बोलून ठेवावी, पाणी बरोबर घ्यावं आणि जनरल तिकीट आधीच मोबाईलवर काढावं. पुण्याहून बसलेल्यांसाठी एक बारीक गोष्ट: कॉर्डवरून जाणाऱ्या गाडीचे डबे पुढे मनमाडपर्यंत पुण्यातल्याच क्रमाने राहतात. जंक्शनवर इंजिन फिरलं तर तिथून पुढे क्रम उलटा होतो. नगरला कोणी डब्यापाशी घ्यायला येणार असेल तर त्याला हे सांगून ठेवावं.

नगर, म्हणजे आता अहिल्यानगर, या सुधारणेचं खरं लाभार्थी. तरीही पुणे–नगर रेल्वेने जाणं हा वळसाच आहे. रस्त्याने साधारण 120 किलोमीटरचं अंतर दौंडमार्गे 160 च्या आसपास जातं. इंजिन फिरवणं टळल्यामुळे हा पर्याय निदान विचारात घेण्याजोगा झाला, पण रोज ये-जा करणाऱ्याला एसटी सोडायला लावेल इतका नाही.

आता दौंडच्या खऱ्या कामाकडे. पुणे ते दौंड साधारण 76 किलोमीटर. मध्ये हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस. या पट्ट्यातले नोकरदार, विद्यार्थी, दूधवाले, हडपसरच्या कारखान्यांत जाणारे कामगार, सगळे शटलवर, म्हणजे पुणे–दौंड ये-जा करणाऱ्या, मधल्या स्टेशनांवर थांबणाऱ्या गाडीवर जगतात. एक्सप्रेस गाड्यांची चर्चा कितीही होवो, दौंडची किंमत ठरते ती या शटलवर, आणि तिथेच घोडं अडतं. मार्गाचं विद्युतीकरण झालं, मग 2017 मध्ये डेमू, म्हणजे डिझेलवर चालणारी लोकलवजा गाडी, सुरू झाली. डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार आणि तिच्याखाली धूर सोडत डिझेलची गाडी, असा प्रकार लोकांनी बरीच वर्षं पाहिला. विजेवरच्या मेमू नंतर आल्या. पुणे–लोणावळ्यासारखी लोकल इथे का नाही, हा प्रश्न नेहमीचा आहे. त्या लोकलच्या डब्यांना खाली उतरायच्या पायऱ्या नसतात, म्हणून सगळीकडे उंच फलाट लागतात. डेमू–मेमूला पायऱ्या असतात, त्या कमी उंचीच्या फलाटावरही चालतात. पण पायऱ्या म्हणजे चढउताराला वेळ. गर्दीच्या वेळी केडगावला दोन-दोन मिनिटं जास्त गेली की पुढचं गणित बिघडतं.

बिघडतं कसं तेही बघा. मार्ग दुहेरी आहे, पण त्याच दोन रुळांवर लांब पल्ल्याच्या एक्सप्रेस, मालगाड्या आणि शटल. लोणीला तेलाचे डेपो, त्यामुळे टँकरच्या मालगाड्यांची ये-जा. शटल दोन-चार मिनिटं मागे पडली की तिला मधल्या एखाद्या स्टेशनात बाजूला घेऊन मागची एक्सप्रेस पुढे काढतात. एक्सप्रेस स्वतःच लेट असेल तर तिची वाट बघण्यात शटल आणखी रखडते. हे सगळं पार करून हडपसर गाठलं की पुण्यात फलाट मोकळा नसतो. म्हणून पुण्यात अमुक वाजता कार्ड पंच करायचं असेल त्याने वेळापत्रकावर किमान अर्धा तास चढवून गाडी निवडावी. अप-डाउन करणारे मुरलेले लोक कामाचं ठिकाण जवळ असेल तर हडपसरलाच उतरून मोकळे होतात, ते उगाच नाही. पुणे–सोलापूर हुतात्मासारखी गाडी वेळेत सापडली तर शटलपेक्षा कितीतरी वेगाने नेते. पण मासिक पास त्या गाडीत आणि नेमक्या कोणत्या डब्यात चालतो ते खिडकीवर विचारून घ्यावं. पास हातात आहे म्हणून आरक्षित डब्यात चढलं की दंड ठरलेला.

2024 मध्ये दौंड रेल्वेच्या सोलापूर विभागातून पुणे विभागात आलं. निर्णय योग्यच, इथला रोजचा प्रवासी पुण्याकडे तोंड करून उभा असतो, त्याचं गाऱ्हाणं सोलापुरात जाऊन काय होणार? उपनगरी दर्जाची मागणी मात्र जुनीच.

तिकिटाबद्दल थोडं. साध्या पॅसेंजरचं किमान भाडं 10 रुपये. 199 किलोमीटरपर्यंतच्या जनरल तिकिटावर तीन तासांच्या आत किंवा त्या दिशेच्या पुढच्या पहिल्या गाडीपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो. सकाळी तिकीट काढून संध्याकाळी बसलं तर ते विनातिकीटच धरतात. मोबाईलवरचं कागदविरहित तिकीट स्टेशनच्या आवारात शिरल्यावर नेहमीसारखं निघत नाही. बाहेर असतानाच काढावं, नाहीतर आत लावलेला क्यूआर कोड स्कॅन करून काढावं. फलाटावर गाडी दिसत असताना नेटवर्क शोधत बसणारे रोज दिसतात.

बारामतीचा फाटा एकेकाळी नॅरोगेज होता, आता ब्रॉडगेज आहे. मळदगाव, शिरसाई, कटफळ करत गाडी सुमारे 44 किलोमीटर जाते. भाडं स्वस्त, डब्यात बसायला जागा, पण फेऱ्या मोजक्या. एक चुकली की पुढच्या गाडीची वाट बघण्यात अर्थ नाही, सरळ एसटी धरावी. फलटण–बारामती जोड पूर्ण झाली तर हा फाटा फाटा राहणार नाही, लोणंदकडे जाणारा रस्ता होईल; तोवर त्याला पाचपैकी दोनच तारे.

याउलट सोलापूरकडे जायला दौंडसारखं सोयीचं स्टेशन नाही. गाड्या भरपूर, इंजिन फिरवणं नाही. कुरकुंभ एमआयडीसी, नानवीजचं पोलीस प्रशिक्षण केंद्र आणि राज्य राखीव दलाच्या दोन गटांमुळे इथे सणासुदीला आणि भरतीच्या दिवसांत तिकीट खिडकीवर रांग लांबते. अष्टविनायकातल्या सिद्धटेकला जाणाऱ्यांसाठीही हेच जवळचं स्टेशन. शिरापूरकडून भीमेवरच्या पुलाने जाता येतं, फक्त परतीचं वाहन आधी ठरवावं.

दौंडला गाडी बदलायची असेल तर दोन्ही तिकिटांवरचे कोड शेजारी शेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडे डीडी असेल तर तासाभराचं अंतर पुरतं. एक डीडी आणि दुसरा डीडीसीसी असेल तर दोन तास धरा, आणि तेही दिवसाउजेडी. रात्रीचा असा बदल टाळून पुण्यात किंवा नगरला गाडी बदललेली बरी. दोन्ही गाड्या एकाच स्टेशनवरून असतील आणि तिकिटं आरक्षित असतील तर आयआरसीटीसीवर दोन पीएनआर जोडून घ्यावेत. पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली तर परतावा मागता येतो.