संवादिनीवादकाला सापडलेला गांधार: रीपरचा काही महिन्यांचा अनुभव

रीपर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर गेले काही महिने मी जवळजवळ रोज वापरतो आहे. नातवानं ते लॅपटॉपवर घालून दिलं, तेव्हा रियाजाचं रेकॉर्डिंग नीट व्हावं एवढाच हेतू होता. आता मी त्यावर चाली बांधतो. तरुणपणापासून पेटीची साथ करत आलो आहे: नाट्यगीतं, अभंग, ख्यालाच्या मैफली. साथीदारानं गाणाऱ्याच्या मागोमाग जायचं असतं. त्या कलेचा मला अभिमान आहे. पण दुसऱ्याच्या जागा भरताना स्वतःला जे सुचतं, ते तिथंच विरून जातं. रीपरमुळे ते टिकायला लागलं. इतरांनी या सॉफ्टवेअरबद्दल बरंच सांगितलं आहे, म्हणून मी पेटीवाल्याच्या बाजूनं सांगतो.

पहिली गोष्ट गांधाराची. पेटीचं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं असतं, प्रत्येक भाग १०० सेंटचा (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं बारीक माप). त्यामुळे पेटीचा शुद्ध गांधार, म्हणजे ग, षड्जापासून (सा पासून) ४०० सेंटवर बसतो. तानपुऱ्याच्या खरजातून, म्हणजे खालच्या सा च्या तारेतून, जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, त्याचं गुणोत्तर ५/४, म्हणजे सुमारे ३८६ सेंट. पेटी १४ सेंट चढी बोलते. धैवत ८८४ ऐवजी ९०० वर, निषाद १०८८ ऐवजी ११०० वर. पंचम मात्र दोनच सेंट उतरतो, म्हणून तो कधी खटकत नाही. यमनात गायिका गांधारावर ठेहराव घेते, तेव्हा आम्ही पेटीवाले तो सूर हलका ठेवतो किंवा चक्क सोडून देतो. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल होऊ लागली. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही आणि स्वर समान अंतरांवर जखडलेले, हे तेव्हाचे आक्षेप खोटे नव्हते.

यावर उपाय शोधणारेही आपल्याकडेच झाले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांची, मापं काढली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली. एकल वादन करणारे कित्येकजण एका ठरावीक षड्जाला धरून सूर, म्हणजे पेटीतल्या धातूच्या पात्या, घासून घेतात. साथीदाराला ते परवडत नाही. गाणाऱ्याचा षड्ज आज काळी एक या पट्टीवर, उद्या काळी चारवर. षड्ज सरकला की घासलेले सगळे सूर चुकीच्या जागी येतात.

रीपरमध्ये सर्ज एक्सटी (Surge XT) नावाचा मोफत सिंथेसायझर, म्हणजे संगणकातलं वाद्य, जोडता येतो, आणि तो स्काला पद्धतीच्या, म्हणजे स्वरांच्या जागा सांगणाऱ्या, फायली वाचतो. अशी फाइल म्हणजे साधा मजकूर असतो: वर नाव, मग स्वरांची संख्या, मग एकेका ओळीत गुणोत्तर. ९/८, ५/४, ४/३, ३/२ अशी. नोटपॅडमध्ये बसून मी बाराही स्वरांची फाइल लिहिली. षड्ज कोणत्या पट्टीवर धरायचा हे दुसऱ्या छोट्या फाइलीत सांगायचं. काळी एकची एक, काळी चारची एक, अशा त्या करून ठेवल्या की फाइल बदलताच सगळी श्रुतिरचना नव्या षड्जावर जाऊन बसते. जन्मभर जे हातात नव्हतं, ते हातात आलं.

मिरजेच्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि त्यावर हा गांधार दाबला. तो वेगळा ऐकू येईना, तानपुऱ्यात मिसळून गेला. त्या रात्री मी बराच वेळ फक्त सा आणि ग वाजवत बसलो.

मग प्रयोग वाढले. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच, पण देसकाराचा धैवत चढा, असं आपण ऐकत आलो. मी दोन फायली केल्या. एकीत धैवत ५/३, दुसरीत २७/१६, म्हणजे सुमारे २२ सेंटांचा फरक. तीच सुरावट दोन्हींवर वाजवली, तर दुसरीत उत्तरांग, म्हणजे सप्तकाचा वरचा अर्धा भाग, आपोआप पुढे आलं. या ऐकण्यातूनच देसकारातली एक बंदिश सुचली, शब्दांसकट. माझी स्वतःची म्हणावी अशी ती पहिली.

भात्याचा प्रश्न होता. हे सगळं मी लॅपटॉपला जोडलेल्या स्वरपट्ट्यांच्या कीबोर्डवर वाजवतो; त्याला भाता नसतो, आणि पेटीचा प्राण डाव्या हातात. मी एक्सप्रेशन पेडल, म्हणजे पायानं दाबायची पट्टी, जोडून आवाजाचा चढउतार पायाकडे सोपवला. मग डावा हात मोकळा झाला आणि पिच व्हीलवर, म्हणजे सूर वरखाली सरकवणाऱ्या चाकावर, गेला. पेटीवाल्याला मींड! तिच्यासाठी हात बसायला वेळ लागला. अजूनही आंदोलित, म्हणजे हळुवार झुलणारा, कोमल गांधार मनासारखा येत नाही, तेव्हा ती रेषा पडद्यावर माउसनं सावकाश वळवतो.

पट्टी दाबल्यावर सूर उशिरा आला तर वादन अशक्य होतं. ऑडिओ इंटरफेसचा (लॅपटॉपमध्ये आवाज आत-बाहेर नेणाऱ्या उपकरणाचा) स्वतःचा असिओ (ASIO) ड्रायव्हर घाला, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४८,००० आणि बफर (एका वेळी साठवायचे नमुने) १२८ ठेवा. बफरचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. खऱ्या पेटीच्या रेकॉर्डिंगला खोलीतला पंखा नडतो, त्यावर रीपरमधलं रीआफर (ReaFIR) हे साधन छान चालतं: नुसत्या पंख्याचा तुकडा ऐकवायचा, मग ते तेवढा आवाज वजा करतं. फार वजा केलं तर पेटीही पत्र्यासारखी वाजते, तेव्हा हात राखून. रीपरच्या सातव्या आवृत्तीत एकाच ट्रॅकवर अनेक टेक, म्हणजे पुन्हापुन्हा केलेली रेकॉर्डिंगं, एकाखाली एक राहतात आणि त्यांतले चांगले तुकडे निवडता येतात. तान बांधताना याचा फार उपयोग होतो.

तालाच्या बाबतीत संयम लागतो. रूपक ७/४, झपताल १०/४ असे मांडता येतात, पण आवर्तन म्हणजे काय हे ग्रिडला, म्हणजे पडद्यावरच्या मात्रांच्या रेषांना, कळत नाही. विलंबितात मी ग्रिड बंदच ठेवतो आणि तबलजीला घरी बोलावतो. लय श्वास घेते, ती रेषांना बांधू नये असं माझं ठाम मत आहे.

उणिवाही आहेत. रीपरसोबत तयार वाद्यांचा साठा येत नाही, तो स्वतः जमवावा लागतो. मेनू अफाट आहेत, साठीपुढच्या डोळ्यांना अक्षरं बारीक वाटतात. सुरुवातीला कुणीतरी शेजारी बसून दाखवणारं हवं. पण इन्स्टॉलर छोटा आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतो, आणि ६० दिवस काहीही न अडवता वापरू देतात. नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरला. मी घेतला.

सध्या एका अभंगाची चाल चालू आहे, काळी चारमध्ये. गाणारी मुलगी परवा ट्रॅक ऐकून म्हणाली, "काका, यावर गाताना गळ्याला ओढावं लागत नाही." अंतरा अजून बाकी आहे. ज्या पेटीवाल्यांना आपापली स्वरांची फाइल करायची असेल, त्यांनी आधी एकच राग घ्यावा, तानपुरा चालू ठेवावा आणि आकडे कानानं तपासावेत.