चाळीस लीडमध्ये शून्य पॉलिसी, पंधरा लीडमध्ये दोन

अकरा वर्षं एलआयसीची एजन्सी करतेय. माहेर, सासर, सोसायटी, भिशी, मुलाच्या वर्गातल्या आया, सगळ्यांच्या पॉलिसी काढून झाल्या. आता लग्नात मी दिसले की काही नातेवाईक जेवणाची रांग बदलतात. ओळखीतलं गिऱ्हाईक संपलं की प्रत्येक एजंटला कधीतरी लीड, म्हणजे विम्यात रस दाखवलेल्या माणसाचं नाव आणि नंबर, विकत घ्यायचा मोह होतो. मला तो गेल्या दिवाळीच्या तोंडावर झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून हप्त्यावरचा जीएसटी गेला होता, विचारणा वाढेल असं आमचे डीओ (डेव्हलपमेंट ऑफिसर) साहेब म्हणत होते, आणि नेमका तेव्हाच एका लीडवाल्या कंपनीचा फोन आला.

दोन कंपन्या वापरल्या, नाव एकीचंही लिहीत नाही. पहिलीतल्या ज्या मुलाने मला लीड विकले त्याचाच सहा महिन्यांनी फोन आला तो वेगळ्याच कंपनीच्या नावाने, तेव्हा नाव लिहून उपयोग काय? दुसरी बरी निघाली, पण ती पुढच्या वर्षीही बरीच असेल याची हमी मी कुठून देऊ.

पहिलीचा हिशोब आधी. एक लीड १८० रुपये, किमान चाळीस घ्यायचे. ७,२०० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,४९६. (हप्त्यावरचा कर गेला, पण लीडवरचा आहेच आणि तो आपल्यासारख्यांना परत मिळत नाही. भाव विचारताना तो धरूनच विचारा.) एक्सेल शीट आली, प्रत्येक नावापुढे ‘नाशिक, इंटरेस्टेड’. तेरा जणांनी फोन उचलला नाही किंवा नंबरच बंद. चार मालेगाव आणि सुरगाण्याचे. जिल्हा नाशिकच म्हणा, पण एका भेटीसाठी शंभरेक किलोमीटर कोण जाणार? आठ जण म्हणाले, आम्ही कुठलाच फॉर्म भरला नाही. दहा जणांना आधीच इतर एजंटांनी पिडलं होतं. सातपूरचे एक काका तर मी नाव सांगायच्या आत म्हणाले, “ताई, सकाळपासून तुम्ही पाचव्या.”

हेच ते शेअर्ड लीड. एक नाव चार-पाच जणांना विकायचं. त्यात वेळ जातो हे खरंच, पण खरी अडचण पुढे आहे. पाच एजंट एकाच दारात उभे राहिले की गिऱ्हाईक लिलाव मांडतं: पहिला हप्ता कोण भरतो बोला. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ प्रमाणे कमिशनमधून असं परत देता येत नाही, दंड दहा लाखांपर्यंत आहे. तरी देणारे देतात. अशा ठिकाणी मी वही मिटून उठते.

उरले पाच. त्यांतल्या दोघांना भेटले. एक होते पिंपळगाव बसवंतचे द्राक्ष बागायतदार. आग्रा रोडने तीसेक किलोमीटर स्कूटर हाणत गेले. ओटीवर बसवलं, चहा आला, मी टर्म प्लॅनचा कागद काढला आणि दादा गोंधळले. “ताई, म्या तर ठिबकच्या अनुदानाचा फॉर्म भरला व्हता.” मोबाइल काढून त्यांनी जाहिरातच दाखवली. हिरव्या शेताचा फोटो, ‘शेतकऱ्यांसाठी नवी योजना, आजच नाव नोंदवा’. विमा हा शब्द कुठेच नाही. तळाला मुंगीच्या अक्षरात ‘आमचे सहयोगी आपल्याशी संपर्क साधतील’. तो सहयोगी म्हणजे मी! चहा संपवला, माफी मागितली, निघाले.

त्या ओटीवर जे कळलं ते डीओ साहेबांच्या कुठल्याच मीटिंगमध्ये ऐकलं नव्हतं. लीड चांगला की वाईट हे फोन करण्याआधीच, जाहिरातीत, ठरलेलं असतं. माणसाने नाव लिहिलं तेव्हा त्याला काय कबूल केलं होतं? अनुदान कबूल केलं असेल तर आपण कितीही गोड बोला, त्याच्या लेखी आपण फसवणारेच.

म्हणून दुसऱ्या कंपनीला, पुण्याची आहे, भाव विचारायच्या आधी म्हटलं, जाहिरात दाखवा आणि फॉर्म दाखवा. मुलगी जरा अडखळली, पण संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर दोन्ही आलं. जाहिरातीत सरळ ‘टर्म इन्शुरन्स’ लिहिलेलं. फॉर्ममध्ये वय, तंबाखू घेता का, वार्षिक उत्पन्न, पिनकोड, फोन कधी करावा. संमतीच्या चौकोनावर आधीच टिक केलेली नव्हती, ती माणसाने स्वतः करायची होती, आणि भरल्याची तारीख-वेळ प्रत्येक लीडसोबत येणार होती. ती नोंद असावीच. आपल्या साध्या दहा आकडी नंबरवरून न विचारता विक्रीचे फोन केले आणि तक्रारी गेल्या, तर तो नंबर बंद होऊ शकतो. अकरा वर्षांचं गिऱ्हाईक माझ्या एकाच नंबरवर आहे.

इथे लीड ५५०ला, पण एकाच एजंटला. पंधरा घेतले, करासकट ९,७३५. पिनकोड मी निवडले: इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको, नाशिक रोड, देवळाली. निफाड-दिंडोरी मुद्दाम वगळलं. जानेवारी ते मार्च तिकडे द्राक्षाची काढणी, बागेत माणूस फोन उचलत नाही, आणि उचलला तरी व्यापाऱ्याचा पैसा हातात आल्याशिवाय हप्त्याचं बोलत नाही.

दोन नंबर चुकीचे निघाले, चार दिवसांत बदलून मिळाले. अकरा जण बोलले, पाच भेटले, दोन पॉलिसी झाल्या. एक अंबडच्या कारखान्यातला सुपरवायझर. फॉर्ममध्ये त्याने ‘दुपारी चारनंतर’ लिहिलं होतं, म्हणजे पहिली पाळी सुटल्यावर. मी सव्वाचारला फोन केला, “मॅडम, बरोबर वेळेला केलात,” इथूनच सुरुवात झाली. दुसरी नाशिक रोडची शिक्षिका. पहिल्या वर्षीच्या कमिशनमधून लीडचा खर्च जेमतेम निघाला, खोटं कशाला बोलू. पण त्या शिक्षिकाबाईंनी स्टाफरूममधल्या तिघींचे नंबर स्वतःहून दिले, ते फुकट.

तक्रारी आहेतच. लीड रात्री साडेअकराला येतात, सकाळी फोन करेपर्यंत माणूस थंड झालेला असतो. वॉलेटमध्ये पैसे आधी भरायचे, उरलेले परत मागितले की ‘टीम बघतेय’, आणि टीम महिनाभर बघत राहते. वर त्यांनी सुचवलं, तुमचा फोटो घालून फेसबुकवर तुमचीच जाहिरात करून देतो. नको म्हटलं. विमा कंपनीच्या लेखी मंजुरीशिवाय एजंटला स्वतःची जाहिरात करता येत नाही, हे लीड विकणाऱ्यांना ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असून ते बोलत नाहीत.

मध्ये एकाने ‘डेटा’सुद्धा दाखवला. वीस हजार नंबर, तीन हजार रुपये. नमुन्याची शीट खाली सरकवली तर त्यात माझे सख्खे दीर, कंपनीचं नाव आणि पगारासकट. लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि जिना उतरले. दिरांना अजून सांगितलेलं नाही, सांगितलं तर ते मलाच विचारतील की वहिनी, तुम्ही तिथे काय करत होतात.

पहिल्या कंपनीला पाचपैकी एक तारा, तोही शीट वेळेवर आली म्हणून. दुसरीला साडेतीन. मागच्या आठवड्यात तिच्याकडे आणखी दहा लीड सांगितले. तीन महिन्यांत जाहिरात बदलली असेल म्हणून नवी पाठवायला सांगितलंय. अजून आलेली नाही, मीही पैसे भरलेले नाहीत.