सेल बदलावा की घड्याळ इंटरनेटवर सोडावं?

कॉम्प्युटरचं घड्याळ सारखं चुकत असेल तर दोन उपाय: आतला बटन सेल बदलायचा, नाहीतर विंडोजला इंटरनेटवरून वेळ जुळवू द्यायची. सांगलीतल्या आमच्या अडत दुकानात मी आधी दुसरा उपाय केला. सीपीयू उघडायला हात धजत नव्हता.

दोन-चार मिनिटांची चूक असेल तर त्यावर भागतं. खर्च नाही, खटपट नाही.

पण आमच्याकडे दुकान बंद करताना मेन स्विच पाडतात. मग रात्रभर घड्याळ चालतं ते फक्त सेलवर. तो संपला की सकाळी तारीख थेट काही वर्षं मागे. आणि विंडोजच्या मूळ सेटिंगमध्ये 15 तासांपेक्षा जास्त फरक असला तर ते आपोआप वेळ सुधारतच नाही. म्हणजे खरी गरज असते तेव्हाच हा उपाय हात वर करतो. ऐन हळदीच्या सौद्यांत बँकेची साइट उघडेना, कारण तारीख चुकली की ब्राउझर साइटचं सर्टिफिकेट मानत नाही. तेही चाललं असतं, पण एके दिवशी दोन पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला देतो त्या विक्रीच्या पावत्या, जुन्या तारखेने छापल्या गेल्या. शेतकरी तो कागद वर्षभर जपून ठेवतो, पुढे सोसायटीत दाखवतो. दोघांना फोन करून परत बोलावलं, पट्ट्या बदलून दिल्या. त्याच संध्याकाळी सेल आणला.

बहुतेक डेस्कटॉपला सीआर 2032 लागतो, 3 व्होल्टचा. घड्याळवाल्याकडेही मिळतो, फक्त सीलबंद पाकिटातला घ्या. विजेची वायर काढायची, क्लिप दाबायची, अक्षरांची बाजू वर ठेवून नवा बसवायचा. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, तारीख-वेळ घालायची. बूटचा क्रम (आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो) बदलला असेल तर तोही तिथेच नीट करायचा. मला पंधरा मिनिटं लागली. लॅपटॉपला मात्र सेल वायरने जोडलेला असू शकतो, तो जाणकाराकडूनच बदलून घ्यावा.

तुमचा कॉम्प्युटर रात्रंदिवस प्लगवर असेल तर कदाचित तुमचा अनुभव वेगळा येईल. मी तरी आधी सेलच बदलेन. इंटरनेटवरून वेळ जुळवणं (सिंक) चालूच ठेवलंय, रोजच्या सेकंदांच्या फरकासाठी.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर मात्र सेल आणू नका. टाइम झोन तपासा, किंवा त्याच मशीनवर विंडोजसोबत लिनक्स ही दुसरी प्रणालीही आहे का ते पाहा. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी वेळ (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवतं, विंडोज ती भारतीय वेळ समजतं.