फ्रीकॅड १.० : वायर पार्टच्या चेकिंग फिक्स्चरला कितपत पुरतं?

वाकवलेल्या वायरचा पार्ट ड्रॉइंगप्रमाणे झालाय का, ते त्यात बसवून बघायचा साचा म्हणजे चेकिंग फिक्स्चर. तो फ्रीकॅड या फुकट डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये काढता येतो का, हा प्रश्न. कॅड फुकट आहे म्हटलं की टूलरूममध्ये पहिली शंका भरवशाची. नोव्हेंबर २०२४ मधल्या १.० आवृत्तीने ती बरीच कमी केली आहे. पूर्वी स्केचमध्ये एक रेघ वाढवली की पृष्ठभागांचे क्रमांक बदलून पुढची फीचर्स कोसळायची, ते आता क्वचित होतं. सीट फ्रेम किंवा बॉनेट स्टे रॉडसारख्या वायर पार्टसाठी मात्र खरी जमेची बाजू म्हणजे ड्राफ्ट वर्कबेंचमधली (वर्कबेंच म्हणजे एका प्रकारच्या कामाची साधनं) 'वायर'. कोपऱ्यांचे एक्स-वाय-झेड बिंदू द्या, कोपरे गोल करणाऱ्या फिलेट रेडियसचा एक आकडा टाका, सेंटरलाइन (वायरच्या मध्यातून जाणारी रेघ) तयार. पार्टचे सगळे बेंड बहुधा एकाच टूलवर निघतात, त्यामुळे एकच रेडियस चालून जातो. रेडियस वेगवेगळे असतील तर तुकडे करून जोडावे लागतात, आणि ते काम कंटाळवाणं आहे.

बिंदू मात्र ड्रॉइंगवरचेच घ्या. वायर वाकवणाऱ्या मशीनच्या प्रोग्रामातल्या कोनांत स्प्रिंगबॅकसाठी (वाकवून सोडल्यावर वायर थोडी परत उलगडते त्यासाठी) जादा वाकवणं धरलेलं असतं. ते वापरलं तर चांगला पार्टही फिक्स्चरमध्ये बसणार नाही. मशीनच्या लांबी-फिरवणं-कोन या तक्त्यातली लांबी टँजंट ते टँजंट (बेंड जिथे सरळ भागाला मिळतो त्या बिंदूंमधली) असते, कोपरा ते कोपरा नव्हे. प्रत्येक बेंडकडे रेडियस गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन मिळवायचा. रेडियस ८ आणि कोन ९०° असेल तर एका बाजूला ८ मिमी. दोन बेंडमधला भाग ते न मिळवता काढला तर १६ मिमी आखूड निघतो.

फिक्स्चरमध्ये वायर जिच्यात बसते त्या खाचेसाठी पार्ट डिझाइन वर्कबेंचमधला सबट्रॅक्टिव्ह पाइप, म्हणजे सेंटरलाइनवरून छेद फिरवून खोदणं. सेंटरलाइन आधी शेपबाइंडरने (बाहेरचा आकार आत जोडणारं साधन) बॉडीत, म्हणजे ब्लॉकच्या मॉडेलमध्ये, आणावी लागते. गोल छेद फिरवला तर वरून ओठ राहतो आणि वायर आत घालता येत नाही, म्हणून यू आकाराचा छेद घ्या आणि ओरिएंटेशन 'बायनॉर्मल' ठेवून झेड दिशा द्या, म्हणजे छेद उभाच राहतो. नाहीतर थ्रीडी वळणांवर खाच पिळते. वायर सरळ उभी चढते तिथे ही युक्ती चालत नाही, तिथे वेगळा पॉकेट.

४ मिमी वायर आणि सेंटरलाइनला ±०.७५ मिमी टॉलरन्स (चालणारा फरक) असेल तर खाच ४ + १.५ = ५.५ मिमी. फिक्स्चरची स्वतःची टॉलरन्स त्या १.५ मिमी पट्ट्याच्या दहा टक्के धरून ती ५.३५ ते ५.५० मध्ये ठेवा, वर जाऊ देऊ नका. डेटम ब्लॉकमध्ये (जिथून मापं धरतात त्या ब्लॉकमध्ये) वायर नेमकी बसावी, ४.१ पुरे. दोन्ही रुंद्या स्प्रेडशीटमध्ये ठेवून स्केचला जोडल्या की रिव्हिजनला तेवढेच दोन आकडे बदलतात. ही सोय खरंच चोख आहे.

नवखे पूर्ण पार्टभर खाच फिरवतात. बेंडचा सेंटरलाइन रेडियस खाचेच्या अर्ध्या रुंदीहून कमी झाला की स्वीप स्वतःलाच छेदतो आणि फीचर लाल होतं. महागड्या सॉफ्टवेअरमध्येही तेच होईल. मुळात बेंडवर तपासायचंच नसतं, तिथे रेडियस हलतो. टँजंटपासून ३-५ मिमी सोडून सरळ भागावर १५-२० मिमीचे ब्लॉक द्या. प्रत्येकाला दोन एम-६ एलन बोल्ट आणि एच-७ रीम केलेल्या (नेमक्या मापाच्या) भोकांत जागा पक्की करणाऱ्या दोन ६ मिमी डॉवेल पिना. टोकाला पायरीचा ब्लॉक. टॉगल क्लॅम्पने (खटक्याच्या पकडीने) दाबून वायर खाचेत बसवाल तर वाकडा पार्टही पास होईल. ड्रॉइंगवर आयएसओ १०५७९ (लवचीक पार्टसाठीचं मानक) लिहिलं असेल तर पार्ट कुठे, किती धरायचा ते ड्रॉइंगवरच वाचा.

असेंब्ली वर्कबेंच १.० मध्ये नवीन आहे. वीसेक ब्लॉक आणि त्यांचे बोल्ट जोडायला चालतं, पण सरावलेल्या सॉलिडवर्क्सवाल्याला ते हळू वाटेल. सर्वात कच्चं टेकड्रॉ, म्हणजे कागदी ड्रॉइंग काढायचं वर्कबेंच: डेटम आणि प्रोफाइल टॉलरन्सच्या चौकटी हाताने जुळवत बसावं लागतं. ग्राहकाला त्याच्याच कॅडची नेटिव्ह फाइल हवी असेल तर हा नाद सोडा. कुठल्याही कॅडमध्ये उघडणारी स्टेप फाइल चालत असेल तर व्हीएमसीवाल्याला (मिलिंग मशीनवर ब्लॉक कापणाऱ्याला) काही फरक पडत नाही.

पार्ट नंबर कोरायला शेपस्ट्रिंग (अक्षरांचे आकार बनवणारं साधन) आहे. ती फॉन्ट फाइलचा पत्ता धरून बसते, म्हणून फॉन्ट प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये ठेवा.