डेन्व्हरचं क्लिफर्ड स्टिल म्युझियम: एका खडूस चित्रकाराचा हट्ट

अमेरिकेतल्या डेन्व्हरला गेलात आणि दोन तास मोकळे असतील तर क्लिफर्ड स्टिल म्युझियम बघाच, फक्त खाणंपिणं उरकून जा कारण आत कॅफे नाही, आणि ती म्हणे स्टिलसाहेबांचीच (हे अमेरिकेतले अमूर्त चित्रकार) अट! 1980 ला गेले तेव्हा मृत्युपत्रात लिहून ठेवलेलं की जे अमेरिकन शहर फक्त माझ्या चित्रांसाठी म्युझियम बांधेल त्यालाच सगळी चित्रं द्या, दुसऱ्या कुणाचं एकही लावायचं नाही, माझं एकही विकायचं नाही. आता कोण तयार होणार? बायको पॅट्रिशिया यांनी गुंडाळलेले कॅनव्हास वर्षानुवर्षं सांभाळले, 2004 मध्ये डेन्व्हर ठरलं, पुढच्याच वर्षी त्या गेल्या आणि म्युझियम उघडलं 2011 ला. म्युझियमच्या कायमच्या निधीसाठी पॅट्रिशियांकडची चार चित्रं मात्र लिलावात काढावी लागली, मिळाले 11 कोटी 40 लाख डॉलर. म्हणजे नाही नाही म्हणत विकलीच की!

पण खरं सांगू, हा हट्ट बघणाऱ्याच्या फायद्याचा आहे. आयुष्यभरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त काम एकाच छपराखाली, त्यामुळे माणूस कसा बदलत गेला ते खोली-दर-खोली कळतं. 1930 च्या दशकातले शेतकरी बघा, वाळलेली शरीरं आणि हाताचे पंजे एवढाले मोठे (लहानपण बरंचसं कॅनडातल्या अल्बर्टाच्या गव्हाच्या शेतावर गेलेलं), मग हळूहळू माणसं विरघळत जातात आणि चाळीसच्या दशकात नुसते उभे फाटल्यासारखे रंगाचे पट्टे उरतात. त्याच काळातल्या पोलॉक-रॉथको या अमूर्त चित्रकारांची नावं तरी कानावर येतात, हा मात्र 1951 ला न्यूयॉर्कच्या गॅलऱ्यांशी फाटल्यावर बाजारापासून लांबच राहिला आणि 1961 ला मेरीलँड राज्यात जाऊन बसला, म्हणून आपल्याला नाव ऐकूनही माहीत नसतं.

वरच्या मजल्यावर भोकाभोकांच्या काँक्रीटच्या छतातून उजेड येतो तो भारीच. एखाद्या काळ्या चित्राच्या बाजूला उभं राहून तिरकं बघा, पॅलेट नाइफने (रंग थापायच्या सुरीने) थापलेल्या रंगाच्या कडा वर आलेल्या दिसतात, काळ्यातच एक भाग चकचकीत आणि शेजारचा एकदम मॅट, मधेच कोरा कॅनव्हास तसाच सोडलेला. फोटोत यातलं काहीच येत नाही, मी काढून बघितले, नुसता काळा चौकोन.

चित्रांना नावं नाहीत, आकडे आणि अक्षरं फक्त, सुरुवातीला चिडचिड होते. आणि हो, नऊच गॅलऱ्या आहेत, तीन हजारांवर कामं असली तरी आलटून पालटून लावतात, त्यामुळे ठरावीक एखादंच बघायला जाणार असाल तर आधी चौकशी करा. शेजारीच डेन्व्हर आर्ट म्युझियम आहे, दोन्ही एका दिवसात करायची असतील तर हे आधी, कारण तिकडे फिरून पाय गळाल्यावर इथल्या भिंतभर चित्रांसमोर उभं राहणं होत नाही.