नाणी विकणाऱ्याला किती तारे द्यायचे?

‘मस्त नाणं, लवकर मिळालं, पाच तारे.’ ऑनलाइन नाणी विकणाऱ्यांच्या पानावर अशा ओळींचा ढीग असतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्यातून काहीच कळत नाही. नाणं अस्सल निघालं का, फोटोतलंच आलं का, वजन किती भरलं, याचा पत्ता नाही. दुसऱ्या टोकाला ‘फसवलं, एक तारा’ असतं. चौकशी केली की पुष्कळदा कळतं, विक्रेत्याने फसवलेलं नव्हतं, घेणाऱ्यालाच नाणं ओळखता आलं नव्हतं. नाण्यांच्या व्यवहारात माल हाताळून बघता येत नाही, सगळी भिस्त या चार ओळींवर असते. त्यामुळे त्या जपून लिहायला हव्यात.

अभिप्रायाची सोय म्हणून पाहिलं तर ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाची पद्धत अजूनही बरी आहे. चांगला, मध्यम, वाईट असा एकूण शेरा एकीकडे आणि चार गोष्टींचे वेगळे तारे दुसरीकडे: वस्तू वर्णनाप्रमाणे होती का, बोलणं कसं होतं, माल किती वेळात निघाला, टपालखर्च वाजवी होता का. हे वेगळे तारे कुणी दिले ते विक्रेत्याला दिसत नाही. २००८ पासून विक्रेता गिऱ्हाइकाला उलट वाईट शेराही देऊ शकत नाही, त्यामुळे सूड उगवला जाईल ही भीती गेली. शेरा द्यायला ६० दिवस मिळतात आणि नाण्याला ते लागतात. ईबेचं भारतातलं संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं. आता इथला बराच व्यवहार विक्रेत्यांच्या स्वतःच्या साइटवर आणि फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर चालतो. तिथे एकच तारांकन किंवा ‘भरवशाचा माणूस आहे’ एवढीच कॉमेंट. म्हणून हे चार कप्पे आपणच करून लिहावेत.

पार्सल आल्यावर आधी लेबलसकट, मध्ये न थांबता उघडण्याचा व्हिडिओ काढा. विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट पैसे भरायच्या आधीच घेतलेला असावा, कारण मजकूर नंतर बदलता येतो आणि न्याय करायचा तो त्या मजकुराशी ताडून. मग ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा काढा.

ब्रिटिश काळातल्या, १९३९ पर्यंतच्या चांदीच्या रुपयाचं प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि चांदी ९१.७ टक्के. व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. व्हिक्टोरियाचा झिजलेला रुपया ११.४ भरला तर बिघडलं काही नाही, ती झीज आहे. नाण्यावर झीज दिसत नाही आणि वजन मात्र १०.८ भरतंय, तर संशय घ्या. तेव्हा पाण्यातली चाचणी करावी: काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा, नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला लागणार नाही असं धरायचं. अस्सल रुपयाला काटा १.१२ ग्रॅमच्या आसपास दाखवतो. जर्मन सिल्व्हरची (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू) नक्कल तेवढ्याच वजनाची असली तरी १.३ च्या पुढे जाते. दोऱ्याला बुडबुडे चिकटले की आकडा चुकतो, म्हणून दोन-तीनदा करा.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो १९४७ च्या रुपयावर. लोक चुंबक लावतात, नाणं टपकन चिकटतं, आणि ‘नकली’ म्हणून शेरा पडतो. १९४७ चा रुपया निकेलचा आहे, तो चिकटणारच. तसंच १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आहे. विक्रेत्याने ‘चांदीचा रुपया’ एवढंच लिहिलं असेल तर माहिती अर्धवट दिली असं नोंदवा, खोटं नाणं दिलं असं लिहू नका.

शिवराईचंही, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याचंही, तेच. हाताने पाडलेलं नाणं, चकतीपेक्षा ठसा मोठा, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं पूर्ण उमटलेली शिवराई क्वचितच मिळते. अक्षरं कापलेली आहेत ही तक्रार होऊच शकत नाही, फोटोत जी होती ती आहेत का एवढंच बघायचं. कडेला साच्याची शिवण, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं, अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या मऊ, हे दिसलं तर ते ओतीव आहे, म्हणजे साच्यात ओतलेली नक्कल. मग ‘अस्सल’ म्हणून विकणाऱ्याला सूट नाही.

काही ठिकाणी शंकेलाही जागा नाही. राम दरबार किंवा हनुमान असलेलं, ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचं १८१८ चं ‘नाणं’ कंपनीने कधी पाडलेलंच नाही. ते टोकन आहे, म्हणजे नाण्यासारखी दिसणारी, चलनात नसलेली चकती. टोकन म्हणून स्वस्तात विकलं तर ठीक, ‘दुर्मिळ नाणं’ म्हणून हजारोंना विकलं तर वाईट शेरा द्या आणि कारण लिहा. १९३९ चा चांदीचा रुपया खरोखरच दुर्मिळ, म्हणून १९३८ मधला ८ कोरून ९ करतात. दहा पट भिंगाखाली शेवटच्या आकड्याभोवतीचा सपाट भाग इतर आकड्यांपेक्षा वेगळा, खरवडलेला दिसतो. नाणं एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रत ठरवणाऱ्या कंपन्यांच्या डबीत बंद असेल तर डबीवरचा क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून फोटो जुळतो का ते पाहा.

प्रतीबद्दल मतभेद होणारच. एकाचं व्हीएफ (व्हेरी फाइन) ते दुसऱ्याचं एफ (फाइन, एक पायरी खाली). एका पायरीच्या फरकासाठी तारा कापणं मला पटत नाही, दोन पायऱ्या असतील तर जरूर कापा. मात्र लपवलेला दोष वेगळा. चिंच-राखेने घासून चकाकवलेली चांदी, माळेत ओवलेलं भोक बुजवलेलं, लटकवायला जोडलेली कडी काढून कड घासलेली: हे वर्णनात नसेल तर तो लबाडीचाच भाग. नाणं दिव्याखाली तिरपं फिरवा. घासलेल्या नाण्यावर एका दिशेच्या बारीक रेघा उजळतात, अस्सल चमक मात्र चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते.

टपालाचा राग विक्रेत्यावर काढू नये. ट्रॅकिंगवर बुकिंगची तारीख बघा. दोन दिवसांत पार्सल पोस्टात पडलं आणि पुढे नऊ दिवस लागले, तर विक्रेता वेळेवर होता. पॅकिंगची जबाबदारी मात्र पूर्ण त्याची: नाणी सुटी खुळखुळत आली, किंवा मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून हिरवट चिकटा घेऊन आली, तर लिहा. बाजारभाव नंतर उतरला, दुसरीकडे स्वस्त दिसलं, याचा अभिप्रायाशी संबंध नाही.

दोष सापडला तर आधी फोटो आणि वजनासह विक्रेत्याला कळवा, मग परतीची अधिकृत विनंती, शेवटी शेरा. ईबेवर परतीची मुदत साधारण ३० दिवसांची, त्यामुळे शेऱ्याचे ६० दिवस आहेत म्हणून तक्रार लांबवू नका. ‘पैसे परत द्या नाहीतर वाईट शेरा देतो’ असं लिहिणं नियमाविरुद्ध आहे आणि त्याने तुमची खरी तक्रारही लंगडी पडते. भारतातल्या ई-कॉमर्स कंपनीला २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. काही झालं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

परदेशात राहणाऱ्या मराठी संग्राहकांना एक सांगणं. पुण्या-मुंबईच्या विक्रेत्याने शिवराई किंवा १८६२ चा रुपया दुबईला, न्यू जर्सीला पाठवायला नकार दिला तर त्याचे तारे कापू नका. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘गिफ्ट लिहून पाठवतो’ म्हणणाऱ्याला पाच तारे देणं हीच चूक.

लिहायचं कसं, त्याचा एक नमुना: ‘१९१८ चा पंचम जॉर्ज रुपया. वजन ११.५८. फोटोतलंच नाणं. वर्णनात व्हीएफ, पण अंगरख्यावरचा हत्ती पुसट, म्हणून मी एफ धरेन. जुनी सफाई सांगितली नव्हती. कळवल्यावर त्याच दिवशी उत्तर, पैसे चार दिवसांत परत. पॅकिंग उत्तम.’ वर्णनाला तीन तारे, बाकी सगळ्याला पाच. पैसे परत मिळाले म्हणून सफाईची ओळ पुसून टाकायची नाही, आणि सफाई निघाली म्हणून चार दिवसांत पैसे आल्याची ओळही गाळायची नाही.